तुम्ही विचारलंत म्हणून: भाईंचं ऑफिस मी का सोडलं

बाजारात, लग्नाच्या पंगतीत, बसची वाट बघताना, कुठेही भेटलात की तुम्ही विचारता, "भाईंचं ऑफिस का सोडलंस गो?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच देता. पक्ष बदलला म्हणून. पगार थकला म्हणून. घरच्यांना आवडत नव्हतं म्हणून. यातलं एकही खरं नाही. इतकी वर्षं मी हसून पुढे गेले. आता लिहिते, निदान खोटी कारणं फिरायची तरी थांबतील.

भाई म्हणजे आमचे तेव्हाचे आमदार. मतदारसंघाचं नाव घालत नाही. गोव्याच्या खाणपट्ट्यातला आहे, एवढं पुरे.

तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि मला टोचतो तो तोच. "नाही तरी आमदार करतो काय? मयताला जातो, सत्यनारायणाला जातो, फीत कापतो." असं बोलणाऱ्यांनी एक सोमवार आमच्या बाकावर येऊन बसायला हवं होतं. सकाळी आठला माणसं यायला लागायची. म्हाताऱ्यांना, विधवांना पेन्शन देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज, गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधारचा फॉर्म, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात अॅडमिट केलेला नवरा, घरावरून गेलेली विजेची तार. मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे, दावे तर होतेच. कायदा 1975 चा, पण ज्या म्हाताऱ्याने दावा घातला तो गेला आणि आता त्याचा मुलगा तीच फाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून येतो. आणि नोकरी. नोकरी रोज. आई यायची, मुलाला बाहेर उभा करायची आणि माझे हात धरायची.

हे सगळं मी वहीत लिहायचे. नऊ वर्षांत अशा चौदा वह्या भरल्या. यातलं निम्मं काम पंचायतीचं, मामलेदाराचं किंवा वीज खात्याचं असतं, आमदाराचं नव्हेच, हे मलाही कळत होतं. मी राज्यशास्त्र घेऊन एमए केलंय. पहिल्या वर्षी मी भाईंना तोंडावर सांगितलं होतं, की तुमचं काम पर्वरीला, विधानसभेत आहे, कायदे करणं आणि सरकारला प्रश्न विचारणं, बाकीचं खात्यांना करू द्या. ते म्हणाले, "बाय, महाराष्ट्रातल्या आमदाराला हे सांग. त्याच्याकडे तीन लाख मतदार. तो कोणाच्या घरी गेला नाही तर चालतं."

ते खोटं बोलत नव्हते. आपल्याकडे चाळीस मतदारसंघ, एकेकात पंचवीस-तीस हजार मतदार. 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला. साखळीत मुख्यमंत्री 666 मतांनी आले. 76 मतं म्हणजे किती हो? आमच्या एका वाड्यावरची पंधरा-वीस घरं. तिथल्या एका मयताला तुम्ही गेला नाहीत तर ती घरं पाच वर्षं ते विसरत नाहीत. आमदार दारात यावा ही मागणी तुमचीच आहे आणि तो दारोदार फिरतो म्हणून नावं ठेवणारेही तुम्हीच. हे मला एकदा स्पष्ट बोलायचंच होतं.

पण मी सोडलं का, ते यात नाही.

खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या त्यानंतरची गोष्ट. 2012 ची बंदी लोकांनी कशीबशी काढली होती, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. ट्रकवाले, गॅरेजवाले, चहाचे गाडे, सगळे आमच्या बाकावर. त्या गर्दीत एका वाड्यावरच्या सात-आठ बायका आल्या. त्यांना नोकरी नको होती. प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. खाण चालू असताना खंदकातलं पाणी रात्रंदिवस उपसलं जायचं आणि त्यांच्या विहिरी मार्चमध्येच तळ गाठायच्या. आता खाण बंद, तर पावसात डंपवरची, खाणीतून काढून टाकलेल्या ढिगाऱ्यावरची, माती ओहळात येते, शेतात येते, विहिरीत येते. बाटल्यांतलं पाणी फिकट तांबडं होतं, तळाला बोटभर गाळ. त्या म्हणाल्या, हे भाईंनी वर दाखवावं.

मी पेटलेच. नऊ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आमदाराकडे आमदाराचं काम घेऊन आलं होतं! चार महिने त्यांच्याबरोबर फिरले. कुठली विहीर, किती हात पाणी, कोणत्या महिन्यात आटते, टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, सगळं लिहून काढलं. खाणबाधित गावांसाठी डिस्ट्रिक्ट मिनरल फाउंडेशनमध्ये पैसा जमतो, त्यातला आमच्या वाड्यावर किती आला, ते विचारायचं ठरलं. बायकांनी कोंकणीत सांगितलं, मी मराठीत उतरवलं आणि एलएक्यू, म्हणजे विधानसभेत विचारायचा प्रश्न, इंग्रजीत गेला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. त्या पावसाळी अधिवेशनात तो वरच्या क्रमांकावर लागला. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर ठेवतात. म्हणून वरचा क्रमांक म्हणजे काय, ते ज्यांनी हे काम केलंय त्यांना सांगायला नको. उपप्रश्न मी अकरा लिहून दिले होते. एकेक असा, की मंत्र्याला आकडा द्यावाच लागेल.

त्या दिवशी पहाटे त्याच वाड्यावरचा एक म्हातारा गेला. भाईंचा पहिल्या निवडणुकीपासूनचा माणूस. बाटल्या घेऊन आलेल्या बायकांतली एक त्याची सून. भाई म्हणाले होते, संध्याकाळी जाऊन येतो. मी सकाळी नऊला तिथे पोचले. मुंबईहून मुलगा आला होता, बारापर्यंत उचलायचं ठरलं. अंगणात पावसाचं पाणी साचलेलं, माणसं वळचणीला उभी. आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी माझ्याकडे बघायचं. भाई? मग सून बाहेर आली. तिने काही विचारलं नाही. नुसती माझ्यासमोर उभी राहिली.

दहा चाळीसला मी फोन लावला.

भाई पर्वरीला पोचले होते. साडेअकराला सभागृह बसणार. मी म्हटलं, "तुम्ही यायला हवं. लोक बघतायत." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आणि तुझा एलएक्यू?"

तुझा. वाड्याचा नव्हे, त्यांचाही नव्हे, माझा. आणि मी म्हटलं, "उत्तर लेखी मिळेलच."

हे वाक्य माझं आहे. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही.

ते आले. तासाभरात आले, चिखलात चपला काढून पाया पडले, खांदाही दिला. अंगण हललं. पलीकडे पर्वरीत प्रश्न पुकारला गेला तेव्हा विचारणारा सदस्य जागेवर नव्हता. लेखी उत्तर आठवड्याने माझ्या हातात पडलं. माहिती गोळा केली जात आहे. एवढंच. उपप्रश्नांचा कागद भाईंनी चार घड्या करून मला परत दिला. एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या अधिवेशनात पुन्हा देऊ, म्हणत राहिलो. दिलाही. तेव्हा तो खालच्या क्रमांकावर गेला.

मला वाटलं होतं, बायका विचारतील. विचारलं नाही. शेवटी मीच त्या सुनेला सगळं सांगितलं, फोन मी केला हेसुद्धा. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "मेल्ल्या मनशाच्या घरा येवंकच जाय, बाय. उदक आमकां तशेंय ना." मेलेल्या माणसाच्या घरी यायलाच हवं, पाणी नाहीतरी नाहीच. दोन महिन्यांनी मी ऑफिसच्या चाव्या दिल्या.

आता म्हणाल, मग चूक झाली हे मान्य कर. कोणती? पहिल्या वर्षीची ती एमए झालेली मुलगी मला रात्री विचारते, की नऊ वर्षांत तू आमदाराला सभागृहातून उचलून अंगणात आणून ठेवलंस, ना? मी तिला म्हणते, त्या अंगणात तू उभी असतीस तर तूही फोन केला असतास. ती म्हणते, नसता केला. आणि तिने खरंच केला नसता, हे मला माहीत आहे. पण तिला त्या सुनेने बाय म्हणून घरात घेतलं असतं का, बाटल्या तिच्याकडे आल्या असत्या का, याचं उत्तर तिच्याकडे नाही. बाटल्या माझ्याकडे आल्या त्याला कारण तेच, नऊ वर्षं मी प्रत्येक मयताला गेले होते. भाई भ्रष्ट नव्हते, आळशीही नव्हते. एक माणूस दोन ठिकाणी हवा होता आणि कुठल्या ठिकाणी, ते त्या दिवशी मी ठरवलं. तो अधिकार मला कोणी दिला होता?

वह्या मी परत केल्या. एक बाटली राहिली आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीत. गाळ केव्हाच खाली बसला, वरचं पाणी आता अगदी नितळ दिसतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या घरी मयत झालं. त्यांचा मुलगा धावत आला, "ताई, आमदाराचा नंबर आहे ना तुझ्याकडे? एक फोन कर." आताचे आमदार वेगळे आहेत, पण नंबर आहे. फोन हातात घेतला आणि आधी अधिवेशन चालू आहे का ते बघितलं. चालू नव्हतं. मग लावला.