टोमॅटो आणि मिरचीची रोपे: कोलमडणे रोखण्याचे उपाय व पहिली पुनर्लागवड

या खेपेची टोमॅटोची रोपे ट्रेमधून कुंड्यांत हलवून झाली असून ती व्यवस्थित रुजली आहेत. मिरची मात्र अजून ट्रेमध्येच आहे, कारण तिची वाढ मुळातच संथ असते आणि तिला घाईने हलवण्यात काहीच हशील नाही. मिरचीच्या ट्रेचा एक कोपरा रोपे कोलमडण्याच्या रोगाने गेला, बाकीचा ट्रे वाचला. कोपरा जाणे आणि ट्रे वाचणे या दोन्हींची कारणे पुरेशी स्पष्ट आहेत, म्हणून ही नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

संध्याकाळी ताठ उभी असलेली रोपे सकाळी आडवी दिसली. बीजदले (बीतून निघणारी पहिली पाने) तोपर्यंत हिरवीगार होती आणि ती मुळीच सुकलेली नव्हती. मात्र माध्यमाच्या (रोपे ज्यात वाढतात त्या मिश्रणाच्या) पृष्ठभागाला टेकलेला खोडाचा भाग पाणचट होऊन दोऱ्यासारखा बारीक झाला होता, आणि रोप हलकेच उचलताच तेथून तुटत होते. हे लक्षण पिथियम या बुरशीसारख्या रोगकारक सूक्ष्मजीवाकडे बोट दाखवते. रायझोक्टोनिया ही दुसरी रोगकारक बुरशी असती तर तोच भाग तपकिरी, खोलगट आणि बराचसा कोरडा दिसला असता, आणि काही रोपे तशा अवस्थेत काही काळ उभीही राहिली असती. घरबसल्या केवळ डोळ्यांनी केलेले निदान पक्के नसते हे मान्य, तरीही हा फरक उपयोगी पडतो. पिथियमचे चलबीजाणू पाण्याच्या पातळ थरातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात, त्यामुळे वरचा ओलावा कमी करणे हा त्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो. रायझोक्टोनिया तंतूंच्या रूपाने बऱ्यापैकी कमी ओलीतही पसरू शकते. ट्रेचा तो कोपरा भिंतीलगत होता, तेथे पंख्याचा वारा पोहोचत नव्हता आणि पृष्ठभागावर हिरवट शेवाळ धरू लागले होते. आडवे पडलेले रोप पुन्हा उभे राहत नाही, म्हणून ते कप्पे माध्यमासकट काढून कचऱ्यात टाकले. ते घरच्या कंपोस्टमध्ये घालू नयेत. त्यानंतर ट्रे भिंतीपासून दूर घेतला आणि वरचा थर कोरडा होईपर्यंत पाणी थांबवले. पुढे लागण वाढली नाही.

बाकीच्या ट्रेसाठी काही वेगळे औषध वापरले नव्हते. जुने ट्रे आधी घासून धुतले आणि मग एक भाग घरगुती ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून ठेवले. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण चिकटलेली माती तशीच राहिली तर ब्लीचचा जोर तिच्यावरच खर्ची पडतो. माध्यम म्हणून ताजे कोकोपीट आणि परलाइट घेतले, बागेतील माती वापरली नाही. बी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरले आणि माध्यमाचे तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवले. थंड व ओल्या माध्यमात मिरचीचे बी उगवायला फार वेळ घेते, आणि तो सगळा वेळ बुरशीच्या पथ्यावर पडतो. कित्येक बिया उगवत नाहीत तेव्हा दोष बियाण्याला दिला जातो, पण प्रत्यक्षात त्या जमिनीतच कुजलेल्या असतात. उगवण होताच झाकण काढले, पाणी खालच्या थाळीतून दिले आणि अर्ध्या तासाने थाळीत उरलेले पाणी ओतून टाकले. खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) येईपर्यंत खत दिले नाही, कारण क्षारांचा भार वाढला की कोवळी मुळे भाजतात आणि रोगाला वाट मिळते.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) वापरायचे असल्यास पेरणीच्या वेळीच माध्यमात मिसळावे. लागण दिसल्यावर ते ओतून फारसे काही साधत नाही, आणि ती स्वतःच बुरशी असल्याने रासायनिक बुरशीनाशकाबरोबर ती देणे बहुतेक वेळा फुकट जाते. दालचिनीची पूड भुरभुरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, परंतु वरचा थर कोरडा ठेवणाऱ्याला तिची गरज भासत नाही आणि न ठेवणाऱ्याला ती वाचवत नाही, असे माझे मत आहे.

टोमॅटो हलवण्याची वेळ मी पानांपेक्षा मुळांवरून ठरवली. दोन-तीन खरी पाने आल्यावर एक रोप खालून ढकलून पाहिले असता मुळांचे पांढरे जाळे माध्यमाला धरून होते, पण तळाशी वेटोळी झालेली नव्हती. हीच योग्य अवस्था. याआधी काढले तर गड्डा (मुळांभोवतीचा माध्यमाचा गोळा) फुटतो आणि बारीक केशमुळे तुटतात, तर फार उशीर झाल्यास मुळे गोल गोल फिरत राहतात आणि मोठ्या कुंडीतही बाहेर पसरायला वेळ लावतात. हलवण्याच्या काही तास आधी ट्रेला पाणी दिले, जेणेकरून गड्डा ओलसर राहून एकसंध निघेल. रोप नेहमी पानाला धरावे, कारण पान फाटले तर नवे येते, पण खोड चेपले तर सारे रोपच जाते. टोमॅटोच्या खोडाला मातीखाली नवी मुळे फुटतात, म्हणून खालची पाने काढून ती रोपे बीजदलांपर्यंत खोल लावली. मिरचीला ही सवलत देणार नाही. ती ट्रेमध्ये होती तितक्याच खोलीवर बसवावी, कारण तिच्या खोडाला मुळे फारशी फुटत नाहीत आणि गाडलेला कोवळा भाग कुजण्याचा धोका राहतो.

कुंडी चार-पाच इंचांचीच घेतली. लहान रोपाला एकदम मोठी कुंडी दिली की मुळे न पोहोचलेले माध्यम कितीतरी दिवस ओले राहते आणि आपण ज्यातून नुकतेच सुटलो तोच प्रश्न मुळांच्या पातळीवर पुन्हा उभा राहतो. लावणी संध्याकाळी केली आणि नंतरचे दोन दिवस रोपे थेट उन्हापासून दूर ठेवली. पहिल्या दुपारी पाने थोडी मलूल झाली, पण सूर्य कलल्यावर ती पूर्ववत झाली. अशा वेळी कुंडी उचलून वजन पाहावे. ती जड लागत असेल तर आणखी पाणी देऊ नये.

आता नवीन शेंडा दिसू लागला आहे, त्यामुळे टोमॅटोला सौम्य प्रमाणात खत सुरू केले आहे. पुढील सात ते दहा दिवसांत ती टप्प्याटप्प्याने बाहेरच्या ऊन-वाऱ्याला सरावतील, आणि मिरचीचा गड्डा एकसंध निघू लागला की तिची पाळी येईल.