जागलीवरचा रोद्री

आमच्या वावराला लागून जंगल आहे. पोळा झाला, सोयाबीनच्या शेंगा भरल्या, की जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो, पुढे तुरीवर रोही, म्हणजे नीलगायी येतात. २०१८ साली आमच्या राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीची दहशत होती, तेव्हापासून जागलीला एकटं कोणी जात नाही. मी, माझा मावसभाऊ आणि शेजारच्या धुऱ्याचे गुरुजी असे तिघं एका मचाणावर बसतो. एक मोबाईल चालू ठेवायचा, दोघांची चार्जिंग राखून ठेवायची. फुटबॉलचा नाद तिथंच लागला. इंग्लंडच्या लीगचे सामने आपल्याकडे रात्री असतात, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचे मध्यरात्रीनंतर, आणि जागलीला तेवढं जागावंच लागतं.

मावसभाऊ स्पेनच्या रियल माद्रिद क्लबचा. त्याचा प्रश्न ठरलेला. "गोल सांग दादा. बाकी मले काही सांगू नोको."

माझा माणूस रोद्री. देश स्पेन, क्लब इंग्लंडमधला मँचेस्टर सिटी, नंबर सोळा, खेळतो बचावाच्या पुढे, मधल्या जागेवर. आता या रोद्रीचे गोल सांगायला बसलो तर वाद मी पहिल्या मिनिटाला हरतो, कारण त्याचं कामच ते नाही. तरी एक सांगतो. १० जून २०२३, इस्तंबूल, चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर इंटर मिलान. अडुसष्टाव्या मिनिटाला बर्नार्डो सिल्वाने आत दिलेला बॉल एका बचावपटूला लागून मागे आला. सगळे गोलाकडे धावत होते, हा मात्र मागून चालत आल्यासारखा आला आणि पायाच्या आतल्या बाजूने, जोर न लावता, गर्दीतून जागा काढून बॉल जाळीत घातला. सामना १-० सुटला. सिटीचा तो पहिला चॅम्पियन्स लीग कप.

पण मला त्याचं वेड त्या गोलाने लागलं नाही. त्याच्या मानेने लागलं. बॉल अजून दुसऱ्याच्या पायात असतो तेव्हा रोद्रीकडे बघा. एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघतो, एकदा उजव्या, पुन्हा डाव्या. बैलगाडी हमरस्त्यावर घालताना आपण दोन्हीकडे बघतो ना, अगदी तसं. बॉल येईपर्यंत मागे कोण आहे, किती अंतरावर आहे, मोकळा कोण आहे, हे त्याचं पाहून झालेलं असतं. मग तो अंग अर्धं वळवून उभा राहतो आणि बॉल अशा पायावर घेतो की पुढचा पास त्याच धक्क्यात निघतो. मोबाईलच्या पडद्यावर हे सहज दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलमागे धावतो. पंधरा मिनिटं बॉल सोडून सोळा नंबरवर नजर ठेवली की दिसतं. गुरुजींनी ते एका रात्री केलं आणि सकाळी मचाणावरून उतरताना म्हणाले, "हा पोरगा धावत नाही हो, आधीच पोचलेला असतो."

२२ सप्टेंबर २०२४ चा आर्सेनलविरुद्धचा सामना आम्ही तिघांनी मचाणावरूनच पाहिला. रात्री नऊला सुरू झाला. सिटीचा गोल मारणारा हालांड, त्याने लवकरच गोल मारला. मग एका कॉर्नरच्या वेळी रोद्री आर्सेनलच्या थॉमस पार्टीशी अडकून पडला आणि उजवा गुडघा धरून बसला. गुडघ्याचं लिगामेंट गेलं हे नंतर कळलं, पण तो पडला कसा ते बघूनच गुरुजींनी तोंड फिरवलं. पाचच दिवस आधी हा माणूस पत्रकारांसमोर बोलला होता की सामने फार होत आहेत, खेळाडू संप करायच्या बेताला आले आहेत. आधीच्या मोसमात क्लब आणि देश मिळून तो साठच्या वर सामने खेळला होता. अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तो बाहेर गेला आणि लगेच आर्सेनलची बरोबरी झाली. हा गोल मात्र मी रोद्रीच्या खात्यावर मांडत नाही. सिटीचा वॉकर रेफ्रीशी बोलायला पुढे गेला होता, तो जागेवर परतायच्या आत आर्सेनलने फ्री किक घेऊन टाकली. वाद घालायचा तर हिशोब सरळ पाहिजे.

त्यानंतर आमचं सोयाबीन निघालं. थ्रेशर लावलं तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण मावसभावाला मी हीच सांगितली. थ्रेशरवर गंजीवर दोघं असतात, मशीनच्या तोंडाशी एक, कट्टा धरायला एक, आणि गंजी अन् तोंड यांच्यामध्ये एक. हा मधला माणूस कवळ घेतो आणि तोंडावरच्याला देतो, एवढंच त्याचं काम. जास्त दिलं तर मशीन चोंदतं, पट्टा घसरतो. कमी दिलं तर मशीन रिकामं फिरतं, डिझेल जळतं. ओलसर कवळ हाताला कळलं पाहिजे, ते बाजूला टाकता आलं पाहिजे. आमचा नेहमीचा मधला माणूस त्या दिवशी तापाने पडला होता. आम्ही त्याच्या जागी एक धिप्पाड पोरगा लावला, ताकद दुप्पट. दुपारपर्यंत मशीन तीनदा चोंदलं. आणि शिव्या कोणी खाल्ल्या? तोंडावर उभा होता त्याने, म्हणजे माझ्या मावसभावाने.

"आता सांग," मी म्हटलं, "कट्टे कोनं भरले अन् मशीन कोनं चालवलं?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मशीन अन् मॅच एक नाही दादा. विनिसियस एकटा मॅच फिरवते. तुहा रोद्री काय करते? याले देते, त्याले देते."

माद्रिदच्या विनिसियसला मी कधीच कमी लेखलं नाही. त्या वर्षी माद्रिदने स्पेनची लीगही जिंकली आणि वेम्बलीत डॉर्टमुंडला २-० हरवून चॅम्पियन्स लीगही, दुसरा गोल त्याचाच होता. म्हणून २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या रात्री, पॅरिसमध्ये बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, विनिसियसऐवजी रोद्रीला मिळाला तेव्हा मावसभाऊ खरोखर दुखावला. माद्रिदची मंडळी तर समारंभाला आलीच नाहीत. रोद्री कुबड्यांवर मंचावर चढला. मला आनंद झाला, पण मावसभावाचा चेहरा बघून मी तो आवरला. दोन दिवस तो माझ्याशी फुटबॉलवर बोलला नाही, फक्त डुकरांवर बोलला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याने नेमका मुद्दा काढला. आजवरच्या वादात मला सगळ्यात जड गेलेला मुद्दा तोच. "युरोची फायनल पाह्यली का नाही? रोद्री हाफटाइमले बाहेर बसला. स्पेन जितलं ना त्याच्याबिगर!"

खरं आहे. युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. फायनल १४ जुलै २०२४, बर्लिन, स्पेन विरुद्ध इंग्लंड. पहिल्या हाफपर्यंत ०-०. रोद्री जखमी, दुसऱ्या हाफला आलाच नाही. आणि स्पेनने दोन्ही गोल त्यानंतरच मारले, इंग्लंड २-१ ने हरलं. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रोद्रीला निवडलं आणि कप जिंकणारे दोन्ही गोल तो मैदानावर नसताना झाले. याला काय उत्तर द्यायचं?

मी रात्रभर विचार केला. उत्तर गुरुजींनी दिलं. त्याच्या जागी आला कोण? झुबिमेंदी. रियल सोसिएदादमध्ये तो वर्षानुवर्षं हेच काम करत होता, बचावाच्या पुढे उभं राहायचं आणि बॉल फिरवायचा. म्हणजे स्पेनने ते काम सोडलं नव्हतं, ते काम येणारा दुसरा माणूस तयार ठेवला होता. सिटीकडे तसा दुसरा नव्हता. कोवाचिच चांगला, गुंडोगान चांगला, पण त्यांची कामं वेगळी. गुरुजी म्हणाले, "सामना रोद्रीशिवाय जिंकता येतो. त्याच्या कामाशिवाय जिंकून दाखवा." मला हे उत्तर पटलं. मावसभावाला अर्धं पटलं.

उरलेलं अर्धं सिटीनेच पटवायला घेतलं. ऑक्टोबरच्या शेवटी टॉटनहॅमकडून हरले, मग बोर्नमथ, मग लिस्बनला स्पोर्टिंगकडून ४-१, मग ब्रायटन. २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. गावात गुलाल, डीजे, फटाके. त्या आवाजाने डुकरं फिरकणार नाहीत हे माहीत होतं, तरी आम्ही मचाणावर गेलो, कारण अकरा वाजता सामना होता. सिटी घरच्या मैदानावर टॉटनहॅमकडून ४-० ने हरली. लागोपाठ पाचवी हार, आणि तेव्हाच्या सिटीच्या ग्वार्डिओलाच्या प्रशिक्षक म्हणून अख्ख्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच झालं. तीन दिवसांनी फेयेनूर्डविरुद्ध पंचाहत्तराव्या मिनिटाला ३-० पुढे होते, सामना ३-३ सुटला.

टॉटनहॅमच्या त्या सामन्यात मी फक्त एक जागा बघत होतो. सिटीचा बॉल गेला की समोरच्याचा पहिला पास जिथे पडतो ती जागा, बचावाच्या दहा-पंधरा पावलं पुढची. आधी तिथे रोद्री उभा असायचा. पायही न टाकता पुष्कळदा त्याच्या नुसत्या उभं राहण्याने तो पास निघतच नसे. त्या रात्री ती जागा मोकळी होती. टॉटनहॅमचे पोट्टे तिथे बॉल घेत, वळत, आणि समोर सिटीचा बचाव मागे मागे सरकत असे. बचावपटू चुकले असं सगळे म्हणाले. चुकले ते. पण आमचा तोंडावरचा माणूसही त्या दिवशी चुकलाच होता की.

मोसम संपला तेव्हा सिटी तिसरी आली. आदल्या वर्षी ९१ गुणांनी लीग जिंकली होती, सलग चौथ्यांदा, या वेळी ७१. खाल्लेले गोल ३४ वरून ४४ वर गेले. आणि मावसभावापुढे मी ठेवला तो आकडा हा: मारलेले गोल ९६ वरून ७२ वर आले. हालांड होताच की. त्याने एकट्याने लीगमध्ये २२ मारले. गोल मारणारा जागेवर असून गोल कमी झाले, कारण बॉल पुढे जायची वाटच तुटली होती. आदल्या मोसमात सिटी लीगचे तीनच सामने हरली होती, वुल्व्ह्ज, आर्सेनल आणि ॲस्टन व्हिला, आणि तिन्ही वेळा रोद्री कार्डांमुळे बाहेर होता.

"आल्वारेझ गेला ना त्याइचा. डी ब्रॉयनं म्हातारा झाला. दियास, स्टोन्स दुखापतीत होते." मावसभाऊ हे बोलला आणि त्यात काही खोटं नव्हतं. सगळा भार एका गुडघ्यावर टाकणं बरोबर नाही. पण जानेवारी-फेब्रुवारीत सिटीने पैसे मोजून पोर्तोकडून निको गोन्झालेझ आणला तो मधल्याच जागेसाठी ना? मे महिन्यात रोद्री शेवटची काही मिनिटं मैदानात आला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. गोलाशिवाय.

हे सगळं आज लिहायचं कारण आमची गावची टीम.

तालुक्याच्या जागी दर जानेवारीत टूर्नामेंट असते. आमच्या टीमचा मधला माणूस एका कास्तकाराकडे सालदार आहे, बत्तीस-तेहतीस वर्षांचा. पोट्ट्यांचं म्हणणं, त्याला आता बसवा, त्याच्या जागी तालुक्याला अकरावीत शिकणारा एक चपळ मुलगा घ्या. मुलगा चांगला आहे, मला आवडतो. इन्स्टावर त्याच्या पाच-सहा रील आहेत. सालदाराची एकही नाही, कारण तो जे करतो त्याची रील निघत नाही. आमचं मैदान शाळेच्या मागचं, काळ्या मातीचं. पाऊस गेला की भेगा पडतात आणि बॉल कुठूनही कसाही उसळतो. हा माणूस बॉल तळव्याखाली दाबतो, क्षणभर थांबतो, आणि देतो. सामनाभर दोनच शब्द बोलतो, "सोड" आणि "मागं". "मागं" म्हणाला की मागे खरंच कोणीतरी आलेलं असतं.

मागच्या रविवारी मालकाच्या कामामुळे तो येऊ शकला नाही. आम्ही ४-३ ने जिंकलो. हाफटाइमला ३-० पुढे होतो, मग ३-३ झालं, शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवर चौथा गोल झाला. पोट्टे नाचले. मला म्हणाले, "पाह्यलं का भाऊ? त्याच्याबिगर जितलो." मी म्हटलं, तीन गोल खाल्ले ते सांगा. अख्ख्या टूर्नामेंटमध्ये तो असताना आपण दोन खाल्ले होते. आणि आपला गोलकीपर दुसऱ्या हाफमध्ये किती वेळा जमिनीवर पडला ते त्याच्या कोपरांना विचारा. कोणी ऐकलं नाही. जिंकलेल्या टीमला काही ऐकू येत नाही, आणि ते वयही तसंच असतं.

येत्या रविवारी सेमीफायनल आहे. काल संध्याकाळी मी मालकाकडे गेलो. ओसरीत बसवून चहा दिला त्यांनी. मी म्हटलं, काका, रविवारी दुपारपुरता त्याला सोडा. ते म्हणाले, या आठवड्यात पंपाची लाईन दिवसाची आहे, गव्हाचं ओलीत पडलं आहे, रविवार गेला तर पुढची पाळी रात्रीची. मग त्यांनीच विचारलं, "गोल मारते का थो?"

मी म्हटलं, नाही मारत.

"मंग?"

मी त्यांना थ्रेशरची गोष्ट सांगितली. ते कास्तकार आहेत, त्यांना रोद्री सांगायची गरज पडली नाही. थोडा वेळ अंगणाकडे बघत बसले. म्हणाले, "ओलिताले मानूस दे, घेऊन जाय त्याले."

तर रविवारी त्यांच्या गव्हाला पाणी द्यायला मी जातो आहे. सामना मला बघता येणार नाही. मावसभाऊ येतो म्हणाला वहीपेन घेऊन. तिसऱ्या धुऱ्यापाशी जिथे मोबाईलला रेंज येते तिथे मी बारी फिरवून उभा राहीन. त्याला सांगून ठेवलं आहे, गोल झाला की फोन करू नको, तो नंतर कळेलच. मधल्या जागेवर आपला बॉल किती वेळा गेला, तेवढं लिहून आण.