47 नंबरचं कोपर

बेसबॉल कॅम्पच्या टेबलापाशी बहुतेक पालक फोन पुढे करतात. या गृहस्थांच्या हातात प्लॅस्टिकचं पारदर्शक फोल्डर होतं, आपल्याकडे ॲडमिशनला नेतात तसं. आत डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, शाळेचे मार्क, दोन फोटो, आणि सगळ्यात वर कोचकडून आलेली ईमेल, रंगीत छापून घेतलेली. ‘तुला आमच्या मैदानावर खेळताना बघायला आम्हाला आवडेल.’ आडनाव वाचून मी विचारलं, “मराठी का?” तर ते एकदम खुलले. “ताई, तुम्ही इथं? कुठल्या?” मी सांगलीची. ते नाशिकचे, आता घर इथल्या कॅरी गावात. मुलगा मागे वाकून क्लीट्सच्या, खिळ्यांच्या बुटांच्या, नाड्या आवळत होता. त्याच्या पाठीवर चिकटवायला 47 नंबरचा कागद मिळाला. त्या दोन दिवसांत मैदानावर सगळ्यांनी त्याला त्याच नंबराने हाक मारली, मीही इथं त्याला तेच म्हणते.

मी नॉर्थ कॅरोलिनातल्या एका युनिव्हर्सिटीत ॲथलेटिक ट्रेनर आहे. कराडला फिजिओथेरपी केली, मग इथं येऊन पुढचं शिक्षण आणि परीक्षा. नावामुळे लोकांना जिम आठवते. खरं काम म्हणजे खेळाडू पडला, तापला, मुरगळला की सगळ्यांत आधी त्याच्यापाशी पोचायचं आणि पुढे खेळायचं की नाही हे ठरवायचं. जून-जुलैत कॉलेजची टीम सुट्टीवर असते, तेव्हा मैदानावर हायस्कूलच्या मुलांचे बेसबॉल कॅम्प भरतात. त्यातल्या दोन दिवसांच्या एका कॅम्पची ही गोष्ट.

पालक या कॅम्पला कॉलेजच्या टीमची भरती समजतात. ते चुकीचं आहे असंही नाही, कारण कोच मुलं बघतातच. 60 यार्ड धावायला किती सेकंद लागले, बॅटवरून बॉल किती वेगाने सुटला, बॅटरमागे बसणाऱ्या कॅचरने सेकंड बेसला किती वेळात फेकला, पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, फास्टबॉल वेग मोजणाऱ्या रडार गनवर किती आला, सगळं वहीत उतरतं. पण ते रंगीत पत्र निवडीचं नसतं. एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या अमेरिकन संघटनेच्या, नियमाप्रमाणे असा कॅम्प वय, इयत्ता, मुलगा-मुलगी आणि जागा एवढ्याच अटींवर सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. ती ईमेल शेकड्यांनी जाते. आणि डिव्हिजन वनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या स्तरावरच्या कॉलेजचा, कोच अकरावीत जाण्याआधीच्या 1 ऑगस्टपर्यंत मुलाशी भरतीबद्दल बोलूही शकत नाही. आमचा 47 नंबर सोळा वर्षांचा, दहावी नुकतीच संपलेली, आणि महिना जूनचा. कोच त्याला ‘खांदा उशिरा उघड’ एवढं सांगू शकत होते, ‘तू आम्हाला हवास’ हे सांगू शकत नव्हते. बाबा दिवसभर नेमकं तेच ऐकायला कान लावून बसले होते, हे मला फार उशिरा कळलं.

फॉर्मवर एक प्रश्न मी हट्टाने घालून घेतलाय : शेवटचं पिचिंग कधी केलं आणि किती बॉल टाकले? 47 च्या फॉर्मवर बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘आठवड्यापूर्वी, 40.’ मी टिक केली.

साडेदहाला पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे पिचिंगच्या सरावाच्या जागेत, आले. दोघं-दोघं शेजारच्या माउंडवरून, मातीच्या उंचवट्यावरून, टाकत होते, प्रत्येकी पंचवीस बॉल, मागे रडार गन. 47 चांगला होता. उंच, सैल हाताचा, पाय उचलल्यावर घाई नाही. पहिला बॉल 83 मैल, दुसरा 84. जाळीपलीकडे बाबा फोन उभा धरून शूटिंग करत होते. आठव्या बॉलनंतर मुलाने हात मांडीवर पुसला. घाम सगळेच पुसतात. अकराव्यानंतर परत पुसला आणि अनामिका नि करंगळी दोनदा मिटून उघडली, थंडीत बोटं गारठल्यावर करतो तशी. त्या दिवशी सकाळीच तीसच्या वर तापमान होतं. पुढचा बॉल 80. त्याच्या पुढचा 78, आणि तो कॅचरच्या डोक्यावरून जाळीत गेला.

मी कोचकडे बघून हात वर केला. कोचनी एक शब्द विचारला नाही, बॉल मागून घेतला. त्यांच्यासोबत इतकी वर्षं काम करण्याचं ते एक कारण आहे.

तंबूत आल्यावर तो इंग्रजीत म्हणाला, काही नाही, घट्ट झालंय थोडं. मी त्याला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं, “कुठल्या बोटाला हात लावतेय सांग.” अंगठा, बरोबर. मधलं बोट, बरोबर. मी करंगळीच्या टोकाला हात लावला. तो गप्प. मी जरा दाबलं. तो तसाच, डोळे मिटून, मी कधी सुरुवात करते याची वाट बघत.

मग मी कोपर तपासलं. अंगठा धरून हात बाहेरच्या बाजूला ताणायचा आणि त्याच ताणात कोपर वाकवत-उघडत न्यायचं. काटकोनाच्या आसपास आलं आणि त्याचा श्वास अडकला. डाव्या हाताला काहीच नाही. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचं हाड आणि खालचं हाड बांधून ठेवणारा एक पट्टा असतो, बोटाच्या पेराएवढा. बॉल सुटण्याआधी हात मागे झुकतो तेव्हाचा सगळा ताण त्या पेरावर येतो. त्याच्या अगदी जवळून करंगळीकडे जाणारी नस जाते.

“शनिवारी टाकलंस?”

तो जमिनीकडे बघत होता. “टूर्नामेंट होती. 82.”

“मग?”

“मग दुसऱ्या मॅचला शॉर्टस्टॉप.” म्हणजे फिल्डिंग, पण तिथूनही लांब थ्रोच. थोडं थांबून, “सकाळी दोन आयबुप्रोफेन घेतल्या. आईच्या पर्समधून.”

आणि त्यानंतर पहिल्यांदा पूर्ण मराठीत : “मावशी, बाबांना नको ना सांगू. बोटांचं त्यांना माहीत नाहीये.”

इथं जन्मलेली आपली मुलं मोठ्यांनाही ‘तू’ म्हणतात, कारण घरात त्यांच्या कानावर तेवढंच पडतं. त्या ‘तू’ने माझ्या पोटात कालवलं. किती दिवसांपासून बोटं बधिर होतात विचारलं, तर एप्रिलपासून. तीन महिने हा मुलगा करंगळी आहे की नाही ते न कळता बॉल टाकत होता, आणि घरात कुणाला कळू नये म्हणून डाव्या हाताने जेवायला शिकला होता. आईला सांगितलं होतं की दोन्ही हात सारखे व्हावेत म्हणून कोचने सांगितलंय.

मी त्याला म्हटलं, “सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी हे लपवू शकत नाही, आणि शकले असते तरी लपवलं नसतं. पण तुझ्यासमोर सांगेन, तुझ्यामागे नाही.”

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाचे नियम काढले. 15-16 वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त 95 बॉल टाकावेत, आणि 76 किंवा जास्त टाकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. वर्षातले निदान चार महिने मॅचमध्ये पिचिंग करायचं नाही. यूएसए बेसबॉलचं राष्ट्रीय प्रशिक्षण संकुल कॅरीतच आहे, या कुटुंबाच्या घरापासून गाडीने काही मिनिटांवर. हा मुलगा त्या मैदानावर खेळलाय. नियम लिहिणारी संस्था अंगणात, आणि याला शनिवारी 82 टाकून सोमवारी रडार गनपुढे उभं केलेलं. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ट्रॅव्हल टीमला, म्हणजे गावोगावी टूर्नामेंट खेळणाऱ्या त्याच्या टीमला, शनिवारची मॅच जिंकायची होती, आम्हाला सोमवारी वेग बघायचा होता, आणि दोन्हीकडे फी भरलेली होती. मधलं कोपर एकच होतं.

बाबा तंबूत आले ते हसत. “ताई, 84 आला ना? कोच काही बोलले का?”

मी सांगितलं. आधी शनिवारचं. ते लगेच म्हणाले, “हो, ते मीच लिहिलं. खरं लिहिलं असतं तर टाकू दिलं नसतं ना? इतके पैसे भरले, बोलावणं आलं, आणि तो नुसता उभा राहणार?” स्वर चढला नव्हता, पण आर्जवी होता. “बारा बॉल राहिलेत फक्त. आम्ही दुखऱ्या खांद्याने दिवसाला वीस-वीस ओव्हर टाकल्यात.” ते नाशिकला जिल्ह्याकडून फास्ट बोलिंग करायचे, अजूनही शनिवार-रविवार मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कवर क्रिकेट खेळतात, 2023 साली मेजर लीग क्रिकेटच्या मॅचेस झाल्या त्याच मैदानावर.

मी त्यांच्याच हाताने त्यांना दाखवलं. बोलिंगला कोपर सरळ राहतं, ताण कमरेवर जातो, म्हणून फास्ट बोलरच्या पाठीच्या मणक्याला बारीक फ्रॅक्चर होतात. पिचरचं कोपर काटकोनात दुमडून मागे झुकतं आणि तिथून चाबकासारखं सुटतं. तुमची सहनशक्ती त्याच्या कोपराला उपयोगी नाही, दादा, तिथे स्नायू नाही, दोरी आहे. मग मी मुलाला डोळे मिटायला लावले आणि बाबांना म्हटलं, करंगळीला हात लावा.

त्यांनी लावला. मग धरून ठेवली. मुलाला कळत नव्हतं की आपली करंगळी बाबांच्या मुठीत आहे.

“केव्हापासून?” त्यांनी मला नाही, त्याला विचारलं.

“एप्रिल.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग फोल्डर उघडून ती ईमेल काढली आणि हळू विचारलं, “ताई, हे सगळ्यांना येतं का?”

आयुष्यात काही उत्तरं द्यायला जीव नको म्हणतो. मी “हो” म्हटलं, आणि 1 ऑगस्टचा नियमही सांगितला. कोच गप्प होते ते मुलगा आवडला नाही म्हणून नव्हे, बोलायची परवानगी नव्हती म्हणून. हे त्यांना नवीन होतं. दिवसभर ते कोचच्या चेहऱ्यावर निकाल वाचत बसले होते.

मुलाच्या फोनवर कुमार रॉकर या पिचरचा फोटो होता. ज्याची आई भारतीय वंशाची, ज्याने 2019 मध्ये व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीकडून ड्यूक युनिव्हर्सिटीविरुद्ध 19 जणांना बाद करत एकही हिट दिला नाही, तो. ड्यूक म्हणजे कॅरीहून अर्ध्या तासावर, त्यामुळे इथल्या आपल्या मुलांना तो घरचा वाटतो. मी म्हटलं, त्याच्या कोपरावर 2023 मध्ये ऑपरेशन झालं, माहितीय ना? त्याला माहीत होतं. “तो परत आला,” मुलगा म्हणाला. आला खरा, पुढच्याच वर्षी टेक्सासकडून मेजर लीगमध्ये उतरला. म्हणूनच मला बोलावं लागलं. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं, तुटलेल्या पट्ट्याच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध ओवला, आणि तो आणखी 164 सामने जिंकला. त्या यशामुळे घराघरांत समज बसलाय की तुटलं तर शिवून घेऊ. 2007 ते 2011 या काळात अमेरिकेत ही जी ऑपरेशनं झाली त्यातली निम्म्याहून जास्त 15 ते 19 वयाच्या मुलांवर झाली. परत मॅचमध्ये बॉल टाकायला वर्ष-दीड वर्ष जातं. हायस्कूलची सगळी चार वर्षंच असतात.

माझं म्हणणं मुलांना कॅम्पला पाठवू नका असं नाही. जरूर पाठवा. कॉलेजच्या मेसमध्ये जेवताना, मोठ्या मुलांचा सराव बघताना मुलगा जे शिकतो ते घरी शिकवता येत नाही. पण नोंदणीआधी फोन करून विचारा की किती मुलांमागे किती कोच आहेत आणि मैदानावर ॲथलेटिक ट्रेनर आहे का. पिचर असेल तर आधीचे चार-पाच दिवस त्याच्या हातात बॉल देऊ नका, नाहीतर माउंडवर जाणार नाही असं टेबलापाशीच सांगा. कुठलाही भला कोच त्यासाठी मुलाचं नाव खोडत नाही.

एमआरआयचं मला नंतर कळलं : पट्टा अर्धवट फाटलेला, ऑपरेशन सध्या नाही, पण तीन महिने बॉल बंद आणि मग हळूहळू.

मंगळवारी ते येतील असं मला वाटलं नव्हतं. आले. मुलगा ग्लोव्ह घेऊन आला होता, मी तो काढून घेतला आणि त्याला क्लिपबोर्ड दिला, बुलपेनमध्ये प्रत्येक बॉल कुठे गेला ते लिहायला. कोच त्याच्याशेजारी येऊन बसले आणि पुढच्या मुलाचा पाय कुठे पडतोय ते दाखवत राहिले, जवळजवळ वीस मिनिटं. आदल्या दिवशी कुठल्याच मुलाला इतका वेळ मिळाला नव्हता. बाबा आज जाळीच्या आत, सावलीत. फोन खिशात. मी त्यांच्या हातात बॉल मोजायचा क्लिकर दिला. मुलगा त्यांना इंग्रजी-मराठीत समजावत होता, बाबा, तो नाही धरायचा, तो अजून वॉर्म-अप करतोय.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. “धरायचा का, ताई?”

“नियमात नाही धरत,” मी म्हटलं. “पण हात तोच आहे.”

त्यांनी क्लिक केलं.