तुम्ही विचारलंत म्हणून: एरंडेलाची बाटली अजून घरात का?

"एवढं झालं, तरी तुझ्या घरात एरंडेलाची बाटली आहेच?" नणंदेनं विचारलं, ऑफिसमधल्या दोघीतिघींनी विचारलं, परवा मुलीच्या शाळेच्या गेटवर एका आईनंही विचारलं. आणि गंमत नव्हे, राग येतो तो पुढच्या वाक्याचा. त्याच तोंडानं हळूच विचारतात, "पण केस वाढतात ना गं त्यानं?"

आधी याचंच उत्तर देते. वाढतात याचा धड पुरावा मला कुठं सापडलेला नाही, आणि मी शोधलाय. टाळूच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यावर तेलाचा थर बसतो, केस मऊ आणि तकतकीत दिसतो. एरंडेलात जवळजवळ नव्वद टक्के रिसिनोलिक आम्ल असतं, त्यामुळं ते खोबरेलापेक्षा कितीतरी घट्ट आणि चिकट. चकाकी त्याच चिकटपणाची.

"मग माझ्या बहिणीचे कसे आले?" बाळंतपणानंतर ना? बाळंतिणीचे केस साधारण दोन ते चार महिन्यांनी गळायला लागतात, मूठ मूठ येतात हातात. ती घाबरते, चौथ्या महिन्यात कुणीतरी एरंडेल सांगतं. बाळ वर्षाचं होईतो बहुतेकींचे केस आपोआप परत येतात. तेल लावलेलीचेही येतात, न लावलेलीचेही. श्रेय मात्र बाटलीला.

हे मी आज इतकं ठामपणे सांगते, पण 2019 मध्ये माझ्याशी कुणी असं बोललं असतं तर मी भांडले असते. तेव्हा मी म्हणायचे, आमच्या आजीचे केस सत्तरीत गुडघ्यापर्यंत होते, ती काय मूर्ख होती? आजही तेव्हाच्या मला मी पुरती चूक म्हणू शकत नाही. आजी मूर्ख नव्हतीच. मी तिचं अर्धंच ऐकलं होतं.

तर 'एवढं झालं' तो रविवार. मुलगी पाच महिन्यांची. केस कमरेखाली, आणि न्हाणीघराची जाळी रोज केसांनी तुंबलेली. व्हिडिओत बघितलं होतं, रात्रभर भरपूर एरंडेल मुरवायचं. मी एरंडेल आणि खोबरेल निम्मं निम्मं घेऊन वाटीभर कोमट केलं आणि मुळापासून टोकापर्यंत थापलं. अंबाडा घातला, वर जुना टॉवेल गुंडाळला. सकाळी बाळ झोपलंय तेवढ्यात उरकायचं म्हणून न विंचरताच न्हायला बसले. कढत पाणी. एकदा शाम्पू, चिकटपणा जाईना. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा सगळे केस डोक्यावर गोळा करून दोन्ही हातांनी खसाखसा चोळले, कपडा चोळावा तसे. पाणी ओतलं आणि बोटं फिरवायला गेले तर बोटं आत जाईनात.

आधी वाटलं, साधा गुंता आहे. मग दोन्ही हातांनी चाचपलं. डोक्याच्या मागच्या बाजूला नारळाएवढा गोळा झाला होता. ओला, जड, घट्ट. घोंगडीचा तुकडा दाबून बघावा तसा लागत होता. केस कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो, कळत नव्हतं. बाहेर बाळ उठून रडत होतं. मी मोरीत बसून कंडिशनरची अख्खी बाटली त्यावर रिकामी केली. नवऱ्यानं दोन तास सुई घेऊन एकेक केस सोडवायचा प्रयत्न केला. चार बोटांएवढी बट सुटली, तीही तुटून.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. त्यांनी बघितलं आणि हात जोडले. "जट आलीय. यल्लम्मा देवीचं आहे हे. कात्री लावू नका, घरात लेकरू आहे." मी सोलापूरची. जट काय असते, हे मला कुणी सांगायला नको. जट आली म्हणून देवीला सोडलेल्या बायका आमच्या भागात माझ्या लहानपणापर्यंत होत्या. मानेला ओझं होईल इतक्या जटा वागवणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही अशा बायकांना समजावून जटा कापतात, आणि त्या बायका कापताना थरथरतात. मी शिकलेली, बँकेत नोकरी करणारी. तरी ते शब्द ऐकून माझ्याही पोटात गोळा आला, हे कबूल करते. ती रात्र मी बाळाला कुशीत घेऊन जागून काढली. कात्री ड्रॉवरमध्ये होती, आणि माझा हात जात नव्हता.

सकाळी सासूबाई खोलीत आल्या. त्या देवभोळ्या, मंगळवार-शुक्रवार पाळणाऱ्या. म्हटल्या, "देवीला यायचं असतं तर न्हाणीतनं कशाला आली असती? तेल जास्त झालंय. चल डॉक्टरकडे." त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं की हे सुटणार नाही. केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकून नमद्यासारखे, दाबलेल्या लोकरीसारखे, घट्ट बसलेत. लांब केस, घट्ट तेल आणि वर चोळून धुणं, सगळं एकदम जमून आलं. खोबरेल-एरंडेल लावून वीस वर्षांच्या मुलीचे केस असेच झाल्याची नोंद 2017 मध्ये केसांवरच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली आहे, हे मला नंतर कळलं. तिचेही कापावेच लागले.

माझे कानाच्या पाळीपर्यंत कापले. कापताना सासूबाईंनी माझा हात धरला होता.

त्यानंतर सहा महिने एरंडेलाचा वासही नको वाटायचा. मग गावी आजीकडे गेले. ती बांधावरच्या एरंडाच्या बिया भाजायची, कुटायची आणि अंगणातल्या चुलीवर पाण्यात उकळून वर आलेलं तेल पळीनं काढायची. कच्च्या बियांना आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही. त्यात विष असतं, ते तेलात उतरत नाही. तिला विचारलं, "आजी, तू केसांना किती लावायचीस?" तिनं करंगळीचं टोक दाखवलं. "खोबरेलात एवढं. तेही टाळूला. शेंड्यांना कशाला? आणि न्हायच्या आधी विंचरायचं, शिकेकाईचं पाणी वरून सोडायचं, घोळायचं नाही." एवढं सगळं तिला ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं, फक्त तिचे केस बघितले होते.

आता बाटलीचं. उन्हाळ्यात वर्षाचे गहू आणि तूरडाळ भरते, त्यांना एरंडेल चोळते, म्हणजे किडा लागत नाही. थंडीत टाचा फुटतात, रात्री एरंडेल चोळून मोजे घातले की आठवड्यात भेगा मऊ पडतात, हे मी दरवर्षी बघते. ओठांना लावते. लिपस्टिकमध्येही हे तेल असतं. पण काहींच्या ओठांना त्याचीच ॲलर्जी येते, म्हणून मनगटावर लावून बघा. आणि बाळंतपण लवकर व्हावं म्हणून पोटात घ्यायला कुणी सांगितलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको.

राहिले केस. मुलगी आता सहा वर्षांची आहे, केस पाठभर. रविवारी सासूबाई खोबरेल कोमट करतात आणि त्यात करंगळीचं टोक बुडवतात, एरंडेलाचं. मी विरोध करत नाही. त्यानं काही होतं असं वरती मीच नाकारलंय, तरी करत नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. मुलगी पाय पसरून त्यांच्या पुढ्यात बसते, त्या टाळू चोळतात. मी मागं उभी राहून तिचा प्रत्येक गुंता कंगव्यानं सोडवते, आणि मगच तिला न्हायला पाठवते.