कम्पालातला कवडसा

फोनवर आई मावशीला सांगते, "ती आफ्रिकेत धूर मोजते." सुरुवातीला मला राग यायचा, अगं आई मी फिजिक्समध्ये पीएचडी केलीय, धूर काय मोजते म्हणतेस! पण दीड वर्षानंतर वाटतं की यापेक्षा बरोबर उत्तर मलाही देता आलं नसतं.

कम्पाला म्हणजे युगांडाची राजधानी, साधारण १२०० मीटर उंचीवर, त्यामुळे हवा मस्त, पंखा लागत नाही, चहूकडे मटोकेची म्हणजे कच्च्या केळ्यांची झाडं. पण संध्याकाळी साडेसहाला टेकडीवरून खाली बघितलं ना, तर खोलगट भागावर करड्या रंगाची चादर पसरलेली असते. घराघरात सिगिरी पेटलेली असते (कोळशाची शेगडी, तुम्ही बघितली तर लगेच ओळखाल), कुठेतरी कचरा जळत असतो, हजारो बोडा-बोडा म्हणजे बाइक टॅक्सी, आणि मुरमाच्या रस्त्यांची लाल धूळ. शहर टेकड्यांवर वसलंय. रात्री जमीन निवते, थंड हवा दरीत जाऊन बसते, वर उबदार हवेचं झाकण, मग धूर वर जाणार कुठून? आणि त्या खालच्या भागांमध्येच सगळ्यात गरीब लोक राहतात, तिथेच पूरही येतो. ब्वाइसे नावाच्या अशाच एका वस्तीत गेलात की मी काय म्हणतेय ते कळेल.

आता मोजायचं कसं. भरवशाचं जे मशीन असतं ते हवा एका फिल्टरच्या पट्टीतून गाळतं आणि त्या पट्टीतून कार्बन-१४ चे बीटा कण सोडतं, जेवढी धूळ साचली तेवढे कमी पार जातात, की झालं वजन. सुंदर कल्पना आहे, पण किंमत वीस-पंचवीस हजार डॉलर, वर एसी खोली हवी आणि लाइट जाता कामा नये. असं एखादं मशीन असेल तर त्या एका चौकाचं कळतं, बाकी शहराचं काय?

म्हणून स्वस्त डबी. इथल्या मकरेरे विद्यापीठात (१९२२ चं आहे हो, "तिकडे युनिव्हर्सिटी असते का" असं मला विचारणाऱ्या काकांसाठी खास) २०१५ साली एअरक्यू नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यांनी अशा डब्या इथेच बनवल्या, सोलर पॅनल लावून खांबांवर चढवल्या, काही तर बोडाच्या मागेच बसवल्या. २०१९ मध्ये त्यांना गुगलकडून १३ लाख डॉलर मिळाले. आमचा ग्रुप वेगळा आणि फारच छोटा, पण डबी तीच जातकुळी.

डबीच्या आत काय असतं? कवडसा. आजोळी दुपारी कौलातून उन्हाची तिरीप यायची आणि त्यात धूळ नाचताना दिसायची, आठवतंय? एरवी न दिसणारी. तसंच, छोटा पंखा हवा ओढतो, लेझरच्या झोतातून कण गेला की उजेड विखुरतो आणि बाजूचा फोटोडायोड तो टिपतो. आम्हाला हवेत ते कण अडीच मायक्रॉनचे नि त्याहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, थेट फुफ्फुसात खोलवर जाणारे.

गंमत म्हणजे ही डबी खोटं बोलते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसे हे कणही दमट हवेत पाणी धरून फुगतात, फुगले की जास्त उजेड विखुरतात आणि डबी ओरडते की प्रदूषण वाढलं! इथे पावसाळे दोन, मार्च ते मे आणि परत सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे खोटं बोलायला भरपूर वाव. महागडं मशीन आत येणारी हवा तापवून वाळवतं, डबीला ते परवडत नाही. त्यात कोळशाची काजळी उजेड गिळते आणि मुरमाची धूळ वेगळीच वागते. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या हवेवर बसवलेलं गणित इथे चालत नाही. डबी त्या महागड्या मशीनशेजारी महिनाभर ठेवायची, कुठल्या आर्द्रतेला किती फेकते ते बघायचं आणि तेवढं वजा करायचं, माझं सगळं काम एवढंच. कंटाळवाणं आहे, मान्य, पण याच्याशिवाय तो आकडा घेऊन कुणा अधिकाऱ्यासमोर बसता येत नाही. डब्ल्यूएचओची या बारीक कणांसाठी वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, इथे ती कित्येक पटींनी ओलांडली जाते, पण कित्येक म्हणजे किती यावरच तर भांडण होतं.

फजित्याही होतात. एकदा एका डबीचे आकडे चार दिवस झरझर उतरत गेले, माझी विद्यार्थिनी खूश, मी पण थोडी खूश, शिडी लावून बघितलं तर हवा आत जायच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं!

दुसरी एक डबी रोज साडेसहाला न चुकता उसळी मारते. खाली एक रोलेक्सवाला बसतो. रोलेक्स म्हणजे घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट, चपाती आपल्याच लोकांनी इकडे आणलेली असं म्हणतात. त्याची सिगिरी बरोब्बर सेन्सरच्या खाली. मी म्हटलं डबी हलवूया, डेटा बिघडतोय. विद्यार्थिनी म्हणाली, "नको मॅडम, लोक इथेच उभे राहून खातात, श्वासही इथलाच घेतात." मग राहू दिली. रोलेक्सवाल्याने विचारलं, ते वरचं माझ्यावर लक्ष ठेवायला आहे का, न्याबो (म्हणजे बाईसाहेब)? मी म्हटलं, तुझ्या धुरावर. तो हसला, दोन अंडी जास्त फोडली, आणि आम्ही तिघं त्याच धुरात उभे राहून खाल्लं.