जोडाखालची ओल

दुकानात लिनोलियम, म्हणजे जमिनीवर चिकटवायची शीट, म्हणून जे मिळतं ते बहुतेक पीव्हीसीच असतं. वर छापील नक्षी, खाली प्लास्टिक. नेरूळच्या त्या घरी फ्रिजमागचा कोपरा उचलून पाहिला तर रंग आरपार एकच आणि पाठीला तागाचं कापड. खरं लिनोलियम! जवसाचं तेल, राळ, लाकडाचा भुसा आणि बुचाची पूड यांपासून बनतं ते. ओट्यापाशी उभं राहून काकूंचे गुडघे दुखतात म्हणून मुलाने हौसेने घालून दिलेलं.

तक्रार एवढीच, की सिंकसमोरचा जोड उठतो आणि पाय अडकतो. आधी कुणी महाभाग फटीत इन्स्टंट ग्लू ओतून गेला होता. तो ग्लू वाळून कडक होतो, शीट मात्र दमट हवेत हलत राहते, मग कडेचे तुकडे पडतात. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणणाऱ्यांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लंय.

हीट गनने हलकं गरम करून कड उचलली. ताग काळा पडलेला, कुबट वास, गोंदाचा चिकट लगदा झालेला. लिनोलियम पाणी प्यायलं की रुंदीत वाढतं. दोन्ही शीट एकमेकींना रेटतात आणि जोड वर येतो. म्हणजे दोष गोंदाचा नव्हताच. ट्रॉलीचा खालचा पट्टा काढला, तर सिंकचा लवचिक पाइप फरशीतल्या भोकात नुसता खोचलेला. ना रबर, ना सील. ट्रॉलीवाले शटरची फट मिलिमीटरमध्ये मोजतात आणि हे भोक असंच सोडतात. इतक्या घरांत हेच पाहिलंय की आता रागही येत नाही. पाणी फरशीखालच्या थरात शिरतं आणि वाट मिळेल तिकडे जातं.

काकू म्हणाल्या, “पाइपाचं आम्ही बघतो, तुम्ही आजच चिकटवून टाका. आणि हे बाहेर बोलू नका हं, खालच्यांशी आधीच वाद चाललाय छताच्या ओलीवरून.”

चिकटवणं शक्यच नव्हतं. फुगलेली शीट चिकटवली तर वाळल्यावर आकसून तिथे फट पडते. पाइप सील करून घेतला, जोड उघडा ठेवून पंखा लावायला सांगितलं. नंतर फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून रात्रभर ठेवला. खाली थेंब धरले नाहीत, तेव्हाच गोंदाचा डबा उघडला.

पुढचं काम मला मनापासून आवडतं. तुटक्या कडा कापून जोडाच्या जागी पट्टी बसवली, रोलर फिरवला, वजन ठेवलं. दुसऱ्या दिवशी पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या जोडांत खाच पाडून त्याच रंगाची वेल्डिंग रॉड, म्हणजे गरम केली की वितळणारी बारीक दोरी, वितळवून भरली. ती दोनदा तासायची असते. गरम असताना पात्याखाली गाईडची पातळ पट्टी लावून वरचा फुगवटा काढायचा आणि पूर्ण गार झाल्यावरच सपाट करायची. घाईत एकदाच तासली की गार होताना मधे खोलगट होते आणि त्यात मळ बसतो. हात फिरवला तर जोड लागत नव्हता.

उतरताना खालच्या वहिनी दारात भेटल्या. आनंदात होत्या. “आम्ही छताला आतून केमिकल मारून घेतलं, ओल थांबली बघा. तुम्ही यातले ना? चांगलं झालंय का जरा सांगा.”

मी डाग पाहिला. म्हटलं, “पूर्ण वाळू द्या, मगच रंग लावा.”

टेम्पोत पोऱ्या म्हणाला, “शेठ, त्यांचे पैसे फुकट गेले.” मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर बोलायचं नसतं. “मग काकूंनी तरी सांगायला हवं,” तो म्हणाला. काकू सांगणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बायकोचं म्हणणं, नळाचं भांडण फरशीवाल्याने कशाला अंगावर घ्यायचं.

आता काकूंना हॉलमध्येही तेच हवंय. माप घ्यायला बोलावलंय. इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना वहिनींच्या दारावरूनच वर जातो.