ब्लॉक करायचा, पण बॉल आपल्याकडे ठेवायचा

बॉस्टनला आलात तर गव्हर्नमेंट सेंटर स्टेशनात उतरा. सिटी हॉलसमोरच्या पटांगणात बास्केटबॉलपटू बिल रसेलचा ब्राँझचा पुतळा आहे, भोवती ११ दगडी चौथरे. बॉस्टन सेल्टिक्स या संघाकडून १३ हंगाम (१९५६ ते १९६९) आणि ११ अजिंक्यपदं, त्यांतली आठ तर ओळीने. पुतळ्यातला रसेल ब्लॉक करत नाही, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवत नाही, तर पास देतोय. ही निवड अगदी योग्य आहे, कारण त्याचा ब्लॉकसुद्धा पासच असायचा.

आजही आपल्याकडची पोरं ब्लॉक म्हटलं की बॉल जोरात फटकावून प्रेक्षकांत पाठवतात. टाळ्या मिळतात, पण बॉल रेषेबाहेर गेल्यामुळे थ्रो-इन पुन्हा समोरच्यांनाच! रसेल हुलकावणीला फसून आधी उडत नसे. बॉल हातातून सुटेपर्यंत पाय जमिनीवर, मग सरळ वर उडी, आणि बोटांनी बॉल साथीदाराकडे ढकलायचा. तो डावखुरा होता. उजव्या हाताने शॉट मारणाऱ्यासमोर त्याचा डावा हात थेट बॉलसमोर यायचा, अंगावरून आडवा न्यावा लागत नसे, म्हणून फाऊलही टळायचा. उशीर मात्र चालत नाही: बॉल बास्केटकडे खाली यायला लागल्यावर हात लावला तर गोलटेंडिंग, म्हणजे बास्केट मान्य. वेळेवर अडवलेला बॉल साथीदार बॉब कूझीच्या हाती पडला की सेल्टिक्सचा फास्ट ब्रेक, म्हणजे वेगवान प्रतिहल्ला, सुरू.

एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) ब्लॉक मोजायला लागले १९७३-७४ पासून, त्यामुळे त्याचे ब्लॉक नोंदलेलेच नाहीत. रिबाऊंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) आहेत: २१,६२०, सामन्यामागे २२.५. फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट) मात्र जेमतेम ५६ टक्केच यशस्वी. नुसते पॉइंट मोजणाऱ्याला हा खेळाडू कळणारच नाही.

जन्म १९३४, लुइझियाना, वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये. १९६१ मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टनला कृष्णवर्णीय खेळाडूंना जेवण नाकारलं, तेव्हा तो आणि त्याचे कृष्णवर्णीय सहकारी सामना न खेळताच परतले. बॉस्टनजवळच्या रेडिंगमध्ये त्याचं घर फोडून भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या, बिछान्यात घाण केली. ज्या शहरासाठी तो जिंकत होता, त्याच्याच वेशीवर हे घडलं. हे वगळून त्याच्या ट्रॉफ्यांचं कौतुक करणं मला खोटं वाटतं. १९६६ मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक झाला आणि खेळता खेळता १९६८ व १९६९ ची अजिंक्यपदं जिंकून दिली. १९७२ मध्ये त्याची जर्सी निवृत्त करायची, म्हणजे त्याचा नंबर संघात पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरलं, तेव्हा प्रेक्षक आत यायच्या आधीच, मोजक्या सहकाऱ्यांसमोर तो सोहळा उरकावा असा त्याचा आग्रह होता.

३१ जुलै २०२२ ला तो गेला. त्याच वर्षी एनबीएने त्याचा ६ नंबर सगळ्याच संघांत निवृत्त केला. ज्यांच्या अंगावर तो आधीच होता त्यांना ठेवता आला, नव्या कुणाला मिळत नाही. पुतळा पाहून झाल्यावर नॉर्थ एंडमार्गे चार्ल्सटाउनकडे चालत निघा, वाटेतल्या पुलालाही त्याचंच नाव आहे.